सिमकिनचं बूच

भिंगारात आमचं घर विचारलंत तर कुणी शेखांचं घर म्हणून सांगणार नाही. "सिमकिनवाल्यांचं का?" असं विचारतील आणि मशिदीमागच्या बोळाकडे बोट दाखवतील. दाखवताना जरा हसतीलही. हसू द्या. ज्या घरात दारूचा थेंब कुणाच्या जिभेला लागला नाही, त्या घराला दारूचं नाव पडलं, म्हणजे हसण्यासारखं आहेच.

सिमकिन म्हणजे साहेब लोकांची फेसाची दारू. ते तिला शँपेन म्हणत. मिसरूड न फुटलेले लेफ्टनंट बबली म्हणत आणि मोठ्या साहेबांनी डोळे वटारले की गप्प बसत. कॅम्पातल्या फौजी मेसच्या नोकरांच्या तोंडी मात्र माझ्या सासऱ्यांच्या काळापासून सिमकिन. जुने साहेबही नोकरांशी बोलताना सिमकिनच म्हणायचे. एका मेमसाहेबांनी कापड बाजारातून फिक्या सोनेरी रेशमाचा तागा मागवला. त्यांनी रंगाचं नाव शँपेन सांगितलं, दुकानदाराला कळेना. माझ्या मालकांनी त्याला समजावलं, "सिमकिनचा रंग." पुढं दोन वर्षं त्या दुकानात बायका सिमकिन रंगाचं लुगडं मागत होत्या. रंग कशाचा ते कळलं असतं तर निम्म्या जणींनी अंगाला लावलं नसतं.

नोकरांच्या चाळीत या शब्दाला आणखी एक अर्थ होता. कुणा साहेबाला मुलगा झाला, बढती मिळाली, लग्न ठरलं की मेसमध्ये सिमकिन उघडायची. म्हणून चाळीत "आज सिमकिन हाय" म्हणजे आज कुणाकडे तरी आनंद आहे. स्वयंपाक्याच्या मुलीला स्थळ आलं तरी लोक विचारत, "मग सिमकिन कधी?" तिथं दारूचा काही संबंध नसे.

माझे मालक पीरमहंमद मेसचे आबदार होते. पाणी आणि दारू गार करायची, साहेबांना हवी तशी द्यायची, हे आबदाराचं काम. पूर्वी बर्फ मिळत नसे, आणि मिळायला लागला तरी आमच्या मेसची रीत तीच राहिली. बंदुकीच्या दारूत पडतो तो शोरा पाण्यात विरघळवला की पाणी असं गार पडतं की हात बधिर होतो. त्यात बाटली फिरवत बसायचं. किती वेळ, किती शोरा, हे सगळं बोटांना कळायचं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे बूच. सिमकिनच्या पोटात वारा कोंडलेला असतो, म्हणून बुचावर तारेची टोपी असते. तार काढली की बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं.

आमच्या मेसमध्ये ते उघडायच्या दोन रीती होत्या. आनंदाच्या दिवशी आबदार बूच ढिलं करून सोडून द्यायचा. धडाका व्हायचा, साहेब ओरडायचे, बूच छताला लागायचं. नोव्हेंबरात चौदा सालच्या लढाईत मेलेल्यांचा एक दिवस असे. त्या दिवशी बाटलीला ओलं पांढरं फडकं गुंडाळायचं, बूच मुठीत घट्ट धरायचं आणि बूच नाही, बाटली फिरवायची. अंगठ्याखालून वारा इतका हळू सोडायचा की शेजारी उभ्या माणसालाही ऐकू जाऊ नये. मग ते बूच फेकायचं नाही, टेबलावर एका रिकाम्या पेल्याजवळ उभं ठेवायचं. साहेब उभे राहून पीत आणि कुणी बोलत नसे.

बिनआवाजी उघडणं शिकायला मालकांना वर्ष लागलं. घरी रिकामी बाटली आणायचे. मी लिंबाचं सरबत करायची, ते बाटलीत भरायचे, खायचा सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत सोडायचे आणि लगेच बूच ठोकून सुतळीने आवळायचे. सोडा विरघळला की बाटली कण्हायला लागे. सुरुवातीला दहांतल्या नऊ वेळा बूच उडायचं. माझ्या छताला अजून डाग आहेत. बाटली धरायला मी बसायची. बघून बघून माझा हात त्यांच्याआधी बसला. ते मान्य करायचे नाहीत, पण बसला.

त्यातूनच घरात रीत पडली. ईद असो, बारसं असो, आमच्या अंगणात सरबताच्या सिमकिनचा बार उडायचा. बोळातले लोक आवाज ऐकून विचारायला यायचे, "काय गोड बातमी?" आणि एकेक पेला पिऊन जायचे. घरात कुणी गेलं तर चाळिसाव्याच्या दिवशी तीच बाटली बिनआवाजाची उघडायची. मालक गेले तेव्हा माझ्या थोरल्या मुलाने, खाजाने उघडली. माझी नणंद मुबारकबी गेली तेव्हाही त्यानेच. तेव्हा माझी धाकटी सून शकिला नवीन होती. ती कानांवर हात ठेवून बसली होती. आवाज झालाच नाही तेव्हा तिने हात काढून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला कळलं.

मला दोन मुलगे. खाजा बापाच्या जागी आबदार झाला. बायकामुलं घेऊन तो मेसच्या मागच्या चाळीत राहायचा, पण दर जुम्म्याला नमाजानंतर माझ्याकडे जेवायला यायचा. धाकटा नियाज. त्याला बाटल्या फिरवायला आवडत नसे, चाकं फिरवायला आवडायचं. लढाई सुरू झाली तसा तो फौजेच्या लॉऱ्यांवर ड्रायव्हर झाला. रजेवर आला तेव्हा मी नेवाशाच्या दस्तगीरभाईंची शकिला त्याला केली. तीन महिने संसार झाला आणि त्याला ब्रह्मदेशाच्या लढाईवर बोलावणं आलं.

जायच्या दिवशी त्याने स्वतः बाटली भरली. बार असा उडाला की शेजारची कोंबडी पळाली. नियाजने अंगणात शोधून बूच उचललं, फुंकून साफ केलं आणि खिशात टाकलं.

"अम्मा, आलो की हेच बूच लावायचं," म्हणाला.

"बूच कोरडं पडतं खिशात. धरायचं नाही वारा."

"मग भिजत घाला. तुम्हाला येतं की."

चेष्टा करण्यात तो बापावर गेला होता.

पंचेचाळीस सालच्या मार्चमध्ये बन्सी पोस्टमन तार घेऊन आला. बन्सी एरवी बोळाच्या तोंडापासून नावानं हाका मारत यायचा. त्या दिवशी दारात येऊन उभा राहिला तरी बोलेना.

"वाच," मी म्हटलं.

"बेपत्ता हाय, असं लिव्हलंय."

"बेपत्ता म्हणजे काय?"

"म्हंजी... सापडंना झालाय, अम्मा."

बोळातले लोक जमले. एकीने तर पदर डोळ्याला लावला. माझं डोकं फिरलं. माझ्या अंगणात माझ्या जित्या पोराचं रडं? मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा मुलगा हरवलाय, मेलेला नाही. ज्याच्या तोंडातून त्याच्या मरणाची गोष्ट निघेल, त्याला या उंबऱ्याचं पाणी बंद. मग तो माझ्या पोटचा का असेना. अल्लाची कसम."

खाजा तिथंच होता. शकिला दाराआड होती.

ती कसम मी घातली. दुसऱ्या कुणी नाही. पुढचं जे काही झालं ते तिच्यातून झालं.

मे महिन्यात जर्मनी पडला. साहेबांनी सहा बाटल्या कोठारात कुलूप लावून ठेवल्या होत्या, दोन जर्मनीसाठी, चार जपानसाठी. किल्ली खाजाकडे. मेसच्या धुण्याचं काम करणारी लंकाबाई आणि मी भांड्यांच्या खोलीतल्या चिकाआड, बांबूच्या पडद्यामागे, बसून बघितलं. खाजाने दोन्ही बुचं अशी उडवली की एक कर्नलसाहेबांच्या डोक्यावरून गेलं. सगळे हसले. मीही हसले. आता जपान पडेल आणि माझा नियाज येईल, एवढंच माझ्या डोक्यात.

जूनमध्ये दस्तगीरभाई नेवाशाहून आले. तंबाखूचे व्यापारी, बोलायला मऊ.

"बद्रुन्निसाबी, मुलीला थोडे दिवस घेऊन जातो."

"थोडे म्हणजे किती?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मुलगी एकोणीस वर्षांची आहे. नवरा गेला असेल तर ती बेवा. इद्दतीचे, बेवेने घरात बसायचे दिवस संपले की तिचं पुढं बघता येईल. नुसता बेपत्ता असेल तर कायद्याने चार वर्षं थांबावं लागतं. तुम्ही फौजेत चौकशी तरी करा."

"चौकशी करायला तो हरवलेला बैल नाही."

"मी तसं कुठं म्हणालो?"

"मग चार वर्षं थांबेल ती. माझा मुलगा आला आणि त्याची बायको नेवाशात दुसऱ्याची झालेली असली, तर त्याला मी काय तोंड दाखवू?"

शकिला चहा घेऊन आली. हातात हिरव्या बांगड्या. बापाने तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दस्तगीरभाई चहा घेऊन तसेच गेले.

संध्याकाळी चुलीपुढं ती म्हणाली, "अम्मा, मी कोण आहे?"

"हे काय विचारणं झालं?"

"सुहागन की बेवा?"

"तू या घरची बहू आहेस. तेवढं पुरे."

तिने चुलीत लाकूड सारलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

जुलैपासून खाजा बदलला. जुम्म्याला यायचा, पण अंगणातच बसायचा. ताट मांडलं तर म्हणायचा, "मेसमध्ये जेवलो." पाणी दिलं तर तांब्या हातात घ्यायचा, बोलता बोलता खाली ठेवून द्यायचा. एकदा भर उन्हात चालत आला, ओठ सुकलेले. शकिलाने माठातलं पाणी आणलं. तो पेल्याकडे बघत राहिला, म्हणाला, "आत्ताच प्यालो," आणि उठून गेला.

"भाईजान रुसलेत का?" शकिलाने विचारलं.

"मेसचं चमचमीत खातो, आता आपलं पाणीसुद्धा फिकं लागतं," मी म्हटलं. असं म्हटलं मी.

ऑगस्टमध्ये रमजान सुरू झाला. रोज्यात कोण पाणी पितो, कोण नाही, हे दिसत नाही. इफ्तार तो चाळीतच करायचा.

पंधरा तारखेला जपान पडला. सकाळपासून कॅम्पात भोंगे, बँड, सोल्जरांची धावाधाव. सहावा की सातवा रोजा होता. मी खजुरावर रोजा सोडला, मगरिबची नमाज केली आणि चादर घेतली. शकिला म्हणाली, "तुम्ही जा, मी घरी थांबते. ते आले आणि दार बंद असलं तर?" जणू लढाई संपली की त्याच संध्याकाळी माणसं दारात उभी राहतात. मलाही थोडंसं तसंच वाटत होतं.

लंकाबाई माझ्या आधीच चिकाआड जागा धरून बसली होती. आत दिवे इतके की डोळे दिपावेत. मधोमध म्हातारे कर्नलसाहेब. ते लेफ्टनंट असताना इथंच होते, माझ्या मालकांच्या हाताखाली सिमकिन प्यायला शिकले असं मालक म्हणायचे. शेजारी नवा मेजर, चेहऱ्यानं लाल, आधीच थोडा चढलेला.

खाजा आला. शोऱ्याच्या पाण्याची बादली, त्यात चार बाटल्या. त्याने पहिली काढली.

"आता बघा तोफ," लंकाबाई कुजबुजली आणि कानांत बोटं घातली.

खाजाने खांद्यावरचं पांढरं फडकं घेतलं. बादलीत बुडवलं. पिळलं. बाटलीला गुंडाळलं.

मला वाटलं, बाटली निसटू नये म्हणून गुंडाळतोय.

त्याने तार सोडली. डाव्या मुठीत बूच धरलं. उजव्या हाताने बाटली फिरवायला लागला. बूच नाही, बाटली. त्याचा अंगठा मला दिसत होता. बापाचाच अंगठा. सगळे साहेब तोंड उघडून धडाक्याची वाट बघत उभे होते आणि तो फिरवत होता.

आवाज झाला नाही.

"काय झालं? उडालं न्हाई व्हय?" लंकाबाईने बोटं काढली. "बाटली नासली जनू."

मेजरही तसंच काहीतरी म्हणाला असावा. तो हसला, बाटलीकडे बोट दाखवलं, दोन-चार पोरगे त्याच्याबरोबर हसले. खाजाने पेल्यात ओतलं, फेस काठापर्यंत आला. मग त्याने ते बूच टेबलावर एका रिकाम्या पेल्याजवळ उभं ठेवलं.

कर्नलसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी हात वर केला तसा मेजर गप्प झाला.

"कौन, आबदार?" त्यांनी विचारलं.

खाजा ताठ उभा होता. "साब, बोल नहीं सकता. कसम है."

कर्नलसाहेब उठून उभे राहिले. बाकीचे का उभे राहिले ते त्यांचं त्यांना तरी कळलं की नाही, देव जाणे. पण राहिले. त्यांनी पेला ओठाला लावला, खाली ठेवला. मग खाजाने दुसरी बाटली जोडीदाराच्या हातात दिली, त्याने ती धडाड उडवली, आणि साहेब पुन्हा ओरडायला लागले. लढाई संपली होती, त्यांनी ओरडायचं नाही तर कुणी?

"अम्मा, निघालात व्हय?" लंकाबाई म्हणाली.

"उठ. घरी चल."

वाटेत तिने दोनदा विचारलं. मी भराभर चालत राहिले. घरी शकिला दारात उभी होती. "कोणी आलं नाही," म्हणाली. मी म्हटलं, "झोप." त्या रात्रीचं मी काही सांगत नाही.

सकाळी मी चाळीत गेले. खाजा अंगणात बसून बाटल्या धूत होता. मला बघून उठला.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याने हातातली बाटली खाली ठेवली.

"मी विचारतेय. मी विचारल्यावर तुझ्यावर कसम नाही."

"तुम्ही पाणी बंद केलं होतं, अम्मा." तेहतीस वर्षांचा माणूस, लहान मुलासारखा सांगत होता. "मी तोंडाने सांगितलं नाही. पण मला माहीत होतं. मग तुमचं पाणी कसं पिऊ?"

सहा आठवडे. सहा आठवडे माझ्या अंगणात येऊन हा पोरगा तहानलेला परत जात होता आणि मी त्याला मेसच्या चमचमीत खाण्यावरून बोलत होते.

"काल मुद्दाम केलंस?"

"नाही. हो." त्याने मान हलवली. "आवाज काढायचाच म्हणून बाटली उचलली. हाताने ऐकलं नाही."

मी चिकाआड असेन हे त्याला ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

त्याने मला कॅम्पातल्या इस्पितळात नेलं. खाटेवर गोरक्ष होता, अकोले तालुक्याच्या डोंगरातला, नियाजच्या लॉरीवरचा सोबती, जुलैत इथं आणलेला. एक पाय गुडघ्यापासून नाही. मला बघून उठायला गेला.

"पडून राहा. सांग."

"मावशी, नदीच्या कडंला बाँब पडला. आमी दोगंच हुतो. माजा पाय गेला, त्याचं... त्याला लई तरास झाला न्हाई. खरं सांगतो."

"पुढं."

"माती म्या दिली. सरपटत सरपटत खड्डा क्येला, वली व्हती वाळू, हातानंच निघाली. मला तुमचा कलमा न्हाई येत, मावशी. पर त्यो रोज मावळतीकडं तोंड करून निमाज पडायचा. म्हून मी त्याचं तोंड मावळतीकडं क्येलं. चुकलं का काय म्हाईत न्हाई. दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांनी मला उचललं. जागा कुटली ते मला नीट सांगता आलं न्हाई, म्हून कागदावर बेपत्ता लागलं असंल."

"चुकलं नाही," मी म्हटलं. "बरोबर केलंस, बाबा."

त्याने उशाखालून फडक्याची पुरचुंडी काढली. "ह्ये त्याच्या खिशात हुतं. खाजाभाईंना दिलं तर घीना झाले. म्हनले, आईच्या हातातच दे."

बूच होतं. वाळून हलकं झालेलं, एका बाजूला तेलाचा डाग.

घरी आले. शकिला दळण निवडत होती. मी काही बोलले नाही. तोंडापर्यंत येत होतं, पण मीच घातलेली कसम मला आडवी येत होती. ज्या तोंडाने पाच महिने तिला गप्प केलं, त्याच तोंडाने सांगू कसं? मी बूच वाटीत पाण्यात घातलं आणि वर दगड ठेवला. कोरडं बूच वारा धरत नाही, भिजून फुगावं लागतं. शकिलाने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं, आनंदाचं काही आहे. तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठावं लागलं.

दुपारी मी लिंबं पिळली. रोज्यात सरबताची चव घेता येत नाही, अंदाजाने साखर घातली. मालकांची जाड हिरवी बाटली फडताळातून काढली. खाजाला सांगून ठेवलं होतं, आज इफ्तार इथं. तो आला आणि सवयीने अंगणातच बसला. शकिलाने तीन पेले मांडले. मग आणखी एक मांडला, स्वतःहून. मी तो उचलला नाही.

सोड्याची पुडी आत सोडली, नियाजचं बूच ठोकलं, सुतळी आवळली. शोऱ्याच्या पाण्यात बाटली फिरवत राहिले. बाटली कण्हायला लागली.

मशिदीत अजान झाली. शकिलाने कानांवर हात ठेवले. हसत होती.

मी पदराचं टोक पाण्यात बुडवलं, बाटलीला गुंडाळलं, सुतळी सोडली. बूच मुठीत धरलं. साठीचा हात, पण बसलेला हात. मी बाटली फिरवली. अंगठ्याखाली वारा थोडा थोडा सुटत होता. माझ्या अंगठ्याला तो गार लागत होता, बाहेर कुणाला ऐकू येत नव्हता.

शकिलाचे हात कानांवर तसेच होते. आवाजाची वाट बघत होती. मग तिला दिसलं की बूच माझ्या मुठीत आहे. मी ते त्या चौथ्या, रिकाम्या पेल्याजवळ उभं ठेवलं.

तिने हात खाली घेतले.

मी पहिला पेला भरून अंगणात गेले आणि खाजापुढं धरला.

"पी."

तो बघत राहिला.

"माझ्या उंबऱ्याचं पाणी आहे. पी."

तो प्याला. एका दमात प्याला, हनुवटीवरून ओघळ गेला. आत बांगड्या फुटल्याचा आवाज आला. मी आत गेले आणि शकिलाला धरून बसले. तिने मला ढकललं नाही. तिने ढकललं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मौलवींना बोलावलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि खाली बघून म्हणाले, "नवरा जातो त्या दिवसापासून इद्दत धरायची असते. चार महिने दहा दिवस. ते जुलैतच संपले." म्हणजे पोरीची इद्दत हिरव्या बांगड्यांत, चुलीपुढं, दाराकडे बघत निघून गेली. नवऱ्यासाठी बसायचे दिवससुद्धा मी तिला मिळू दिले नाहीत. मौलवी म्हणाले, आता बसायची गरज नाही. ती तरी बसली. चाळीस दिवस. ईदेलाही जुने कपडे. मग मी स्वतः तिला नेवाशाला पोचवून आले. दस्तगीरभाईंना म्हटलं, "जूनमध्ये तुम्ही खरं बोलत होतात." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पण टोमणा मारला नाही. मी असते तर मारला असता.

साहेब गेले त्याला दोन वर्षं झाली. मेसमध्ये आता आपले साहेब आहेत. खाजा अजून आबदार आहे. सिमकिन म्हणणारं मात्र कुणी उरलं नाही, सगळे शँपेन म्हणतात. तो शब्द उरलाय तो आमच्या घराच्या नावात.

गेल्या महिन्यात नेवाशाहून कार्ड आलं. शकिलाचा दुसरा निकाह एका शाळामास्तराशी झाला, तिला मुलगी झाली. मी लिंबं आणवली. नियाजचं बूच फडताळात त्या पेल्याजवळ आहे, ते तिथंच राहिलं. दुसरं बूच तासून घेतलं आणि अंगणात बार उडवला. जोरात उडाला. बोळातले लोक आले.

"काय गोड बातमी, अम्मा?"

"आमच्या शकिलाला मुलगी झाली."

"पर ती आता तुमची कुठं राह्यली?" लंकाबाई पेला पुढं करत म्हणाली.

तिला मी दुसरा पेला दिला नाही.